धोंड्यावरचं लुगडं

मी दोन राजधान्यांच्या मधल्या गावची. वेळवंडी नदीच्या अंगानं खाली गेलं की भोर लागायचं, संस्थानची राजधानी. तिथं राजवाडा, कचेरी, दिव्यांचे खांब आणि छत्री काखेत मारून निघालेले कारकून. आणि घराच्या मागच्या अंगणात उभं राहून मान वर केली की राजगड, महाराजांची जुनी राजधानी. तिथं आता वानरं आणि करवंदीच्या जाळ्या. तरी आमच्या म्हाताऱ्यांना भोरचं फारसं अप्रूप नव्हतं. "त्यांची राजधानी वाड्यात मावती, आमची डोंगरात मावत न्हाई," असं आबा, म्हणजे माझे वडील, कचेरीत दिवसभर ताटकळून आले की म्हणायचे. कचेरीत मात्र ते चपला बाहेर काढून, पागोटं सावरून, हात बांधून उभे राहत, हे मला दादानं गुपचूप सांगितलं होतं.

पुढं मला वेल्ह्याला दिलं. यजमान शाळामास्तर. भूगोलाच्या तासाला ते विचारायचे, "आपल्या संस्थानची राजधानी कोणती?" आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, "राजगड!" मास्तरांची पंचाईत. चूक म्हणावं तर सगळं गाव अंगावर येणार, बरोबर म्हणावं तर तपासणीला येणारे साहेब. डोक्यावरच्या तोरण्याला कागदोपत्री प्रचंडगड म्हणत आणि भोरजवळच्या रोहिड्याला विचित्रगड. आमच्याकडे प्रचंडगड म्हणणारा माणूस एकतर सरकारी असायचा, नाहीतर वाट चुकलेला. दोघांनाही आधी पाणी देऊन मग बोलायची रीत होती.

हे सगळं यजमान शिकवत आणि मी चुलीपाशी बसून ऐकत असे. पण आपला मुलूख म्हणजे काय, कोण कुणाच्या किती जवळ आणि किती लांब, हे मला आधीच कळलं होतं. ते कळलं आईच्या एका लाल लुगड्यामुळं. त्या लुगड्यापायी आमच्या घरात जेवढं रडणं आणि हसणं झालं, तेवढं दुसऱ्या कशानं झालं नाही.

आमचं जुनं गाव नदीच्या थेट काठाला होतं. आई आणि तिची धाकटी बहीण, दोघींची लग्नं एकाच मांडवात, दोन चुलतभावांशी झालेली. घरं पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत, आणि दोघींत मिळून एक जातं. ते आजीनं दिलेलं. दोन मुली एकाच भिंतीला टेकून राहणार, मग दोन जाती कशाला, असा आजीचा हिशेब. पहाटे दोघी समोरासमोर पाय पसरून बसायच्या, एका खुंट्याला दोन हात, आणि एकीनं ओवी सोडली की दुसरीनं उचलायची. मावशीचा आवाज गोड आणि आईचा दणकट. त्यामुळं गावाला जाग यायची ती आईच्या ओवीनं, असं आबा म्हणत.

मग धरण आलं. धरण तसं आजोबांच्या वेळचंही होतं, पण ते बुटकं. आता भाटघरला नवा बांध उंच चढला आणि पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येणार असं ठरलं. आबांची वरकस जमीन नदीच्या उत्तरेच्या उतारावर, म्हणून आम्ही उत्तरेला निघालो. काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, दक्षिणेच्या उतारावर, म्हणून ते दक्षिणेला. घरांची लाकडं, कौलं, उंबरे, सगळं गाड्यांत भरलं. उरलं ते जातं.

मी तेव्हा आईच्या कडेवर होते. पण ते भांडण मी दोन्ही काठांवर इतक्या वेळा ऐकलं आहे की सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. मावशी म्हणाली, "आक्का, तू थोरली, तुला सगळं मिळालं. जातं माझं." आई म्हणाली, "आयनं ते माझ्या हातात दिलं हुतं." मग कुणाची ओवी बेसूर, कुणाचं दळण जाड, कुणी कुणाचं पीठ चोरलं, इथपर्यंत गाडं गेलं. शेवटी आईनं रागानं म्हटलं, "मग ने की निम्मं!" मावशी कसली ऐकते! तिनं खुंट्यासकट वरचा दगड उचलला आणि गाडीत टाकला. खालचा आमच्याकडं राहिला. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "वाटण्या लई बघितल्या. जात्याची वाटणी आजच बघितली."

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. आई बहिणीचं नाव घेत नसे, "पलीकडची" म्हणायची. जात्याचा खालचा दगड आमच्या नव्या घराच्या दारात पडून होता, पाय धुवायला. दळायला आई शेजारणीकडं जायची आणि तिकडं मावशीही तेच करायची. पण नवं जातं दोघींपैकी एकीनंही घेतलं नाही. घेतलं असतं तर हार झाली असती.

आमचं नवं घर गावापासून जरा सुटं, पाण्यावर आलेल्या एका टेकाडावर. खाली एक भला मोठा काळा धोंडा पाण्याकडं तोंड करून बसलेला. मावशीचं घर बरोबर समोर, पण मधे आता पाणीच पाणी. पूर्वी आमच्याकडे डोंगरावरून डोंगरावर कुकारा घालून बोलायची सवय. "ए ऽ ऽ बैल सापडला का ऽ ऽ" असं विचारलं की समोरून उत्तर यायचं. आता पाण्यावरचं वारं हाक मधेच खाऊन टाकायचं. माणूस मुंगीएवढा दिसायचा, ओळखू यायचा नाही. कपडा तेवढा दिसायचा.

तेव्हा काठावरच्या गावांत एक रीत पडली. घरात कुणी गेलं की उंचावर पांढरं धोतर पसरायचं. पलीकडच्या सोयऱ्यांनी ते बघायचं आणि निघायचं. पावसाळ्यात नाव बंद असे, मग धरणाखालून वळसा घालून चालत यावं लागे. भाकरी बांधून पहाटे निघालेला माणूस दिवस कलताना पोचायचा.

आईनं तिचं लाल लुगडं त्या काळ्या धोंड्यावर कधी वाळत घालायला सुरुवात केली, ते कुणालाच सांगता येत नाही. पाणी भरलं त्याच वर्षी केव्हातरी. आणि समोरच्या काठावर, मावशीच्या घराखालच्या बांधावर, एक डाळिंबी लुगडं दिसू लागलं. ठरलं काहीच नव्हतं. बोलतच नव्हत्या तर ठरणार काय? पण सकाळी आई लुगडं घालायची, कपाळावर आडवा हात धरून समोर बघायची, डाळिंबी ठिपका दिसला की "हाय अजून," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. एखाद्या दिवशी ठिपका उशिरा दिसला तर त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या पाठीत धपाटे. मी एकदा म्हटलं, "आई, एवढं हाय तर जाऊन ये की." त्यावर ती म्हणाली, "म्या कशाला जाऊ? दगूड तिनं नेलाय."

अशी बरीच वर्षं गेली. दादाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली.

वहिनी भोरची. तिचे वडील राजवाड्यावर शिपाई. त्यामुळं तिच्या बोलण्यात "आमच्या राजधानीत" हे दर दुसऱ्या वाक्याला. राजधानीत नळ आहे, राजधानीत रस्ते झाडतात, राजधानीत भाकरी अशी थापतात. आबा गंभीर चेहऱ्यानं राजगडाकडं बोट दाखवून म्हणायचे, "सूनबाई, त्या राजधानीत कशी थापतात, ते इचारून या." पण पोरगी हाताची स्वच्छ आणि मनाची त्याहून. माहेरून येताना तिनं एक पांढरा पलंगपोस आणला होता, राजवाड्यातून उतरलेला. आमच्याकडं पलंग नव्हता, नुसता पोस. तो तिनं पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता आणि मधूनमधून उघडून त्याचा वास घ्यायची. तिला माहेरची आठवण आली आहे, हे आम्हाला तेव्हा कळायचं.

तिचं पहिलंच नवरात्र. घट बसायच्या आधी घरातलं धुण्याजोगं सगळं धुवून काढायची आमच्याकडे रीत आहे. गोधड्या, वाकळा, घोंगड्या, धडुती, काही ठेवायचं नाही. त्या दिवशी उघडीप चांगली होती. भात निसवलं होतं, म्हणून आई आणि मी वरच्या खाचरातलं गवत काढायला गेलो. धुणं वहिनीनं हौसेनं अंगावर घेतलं. तिनं सगळं धुतलं आणि शेवटी पेटीतला पलंगपोसही काढून धुतला. मग तो वाळत घालायला जागा शोधू लागली. झुडपांवर घातला तर काट्यांनी फाटेल, गवतावर घातला तर हिरवा डाग पडेल. समोर एवढा मोठा, स्वच्छ, उन्हानं तापलेला धोंडा, आणि त्याच्यावर काय, तर सासूबाईंचं एक जुनं लुगडं! ते तिथं कशासाठी असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं लुगडं उचललं, नीट चौघडी घातली, घरात नेऊन ठेवलं आणि धोंड्यावर पलंगपोस अंथरला. इकडून तिकडं पांढराफेक.

आम्ही संध्याकाळी वरच्या वाटेनं घरी आलो. तोवर पलंगपोस वाळून, घडी होऊन पेटीत गेला होता. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दारात नाचणी पाखडत होती. दिवस कलला होता. धरणाकडच्या वाटेवरून रडण्याचा आवाज आला. बायकांचा. आमच्याकडं रडण्यावरून जात, गाव, नातं सगळं ओळखतात. आई सूप धरूनच उभी राहिली आणि म्हणाली, "हा तर धाकलीचा आवाज." इतक्या वर्षांत 'पलीकडची' सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

वळणावरून मावशी आली. केस सुटलेले, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. मागं काका, त्यांची दोन मुलं आणि एका सुनेच्या डोक्यावर फडक्यानं बांधलेली मोठी पाटी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी कडू घास न्यायचा. पाटीत तेच होतं, पिठलं आणि भाकरी. रात्रभर भाकरी थापल्या होत्या आणि एवढा वळसा घालून आणल्या होत्या. मावशी रडत म्हणत होती, "आक्का गं ऽ ऽ, दगडापायी गेलीस गं ऽ ऽ, माझी आक्का ऽ ऽ." रोज लुगडं असायचं त्या धोंड्यावर पांढरं दिसलं, म्हणजे घालणारीच गेली, असं तिनं धरलं होतं.

आणि आक्का समोर, हातात सूप, केसांत नाचणीचा कोंडा.

मावशी थांबली. रडणं मधेच तुटलं. तिनं आईला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"मेली न्हाईस व्हय गं, सटवे?"

"न्हाई," आई म्हणाली. "का? मरायला पायजे हुतं?"

"मग पांढरं कुणी घातलं?"

"कसलं पांढरं?"

तेवढ्यात दाराआडून वहिनीचा हुंदका ऐकू आला. तिला सगळं एका क्षणात उमगलं होतं. आपण सासूला जिवंतपणी मारली, असं तिच्या मनानं घेतलं आणि ती दाराच्या मागं, कणगीला चिकटून उभी राहिली. पलंगपोसाची हकिकत तिच्याकडून काढून घ्यायला दादाला बराच वेळ लागला.

ती ऐकून आधी आबा हसले. मग काका. मग आईनं सूप फेकलं आणि मावशीला अशी मिठी मारली की दोघी जात्याच्या त्या खालच्या दगडाला अडखळून पडल्या. पडल्यापडल्या आई तिला रागावत होती. "अगं येडे, पांढरं दिसलं तर दिसलं. आमच्या चुलीतनं धूर निघत हुता की सांजंला! मयताच्या घरी धूर असतो व्हय? धूर तरी बघायचा!"

"डोळ्यांत पाणी असल्यावर धूर दिसतो व्हय गं आक्का?" मावशी म्हणाली.

आईनं पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

त्या रात्री त्या पाटीतलं पिठलं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. कुणी मेलं नसताना कडू घास खावा की नाही, यावर आबा आणि काका बराच वेळ बोलले आणि बोलताबोलता दोघांनी पाटी खरवडली. पिठलं आंबूस झालं होतं, भाकरी वातड, पण तसं जेवण पुन्हा जमलं नाही. वहिनी तेवढी जेवली नाही. मावशीनं दोनदा हाक मारली, "ये गं राजधानी, घास घे." पण ती कणगीमागून हलली नाही. तिला लाज वाटत होती. मला तिच्या त्या रडक्या तोंडाची आजही माया येते.

अबोला सुटला. मग दोघी दर वर्षी नाव सुरू झाली की एकमेकींकडं जायच्या, दोन दिवस गोड राहायच्या, तिसऱ्या दिवशी भांडायच्या आणि नावेत बसताना रडायच्या. जात्याचा वरचा दगड मात्र पलीकडंच राहिला. नावाडी म्हणायचा, माणसं आणीन, दगड आणणार नाही, नाव बुडंल. खरं तर दोघींनाही तो आणायचा नव्हता. भांडायला काहीतरी लागतंच की. पुढं संस्थाननं आंबवड्याला ओढ्यावर झुलता पूल बांधला. तो बघून आल्यावर वहिनी म्हणाली, "आपल्या हितंबी असा पूल झाला तर?" आई दचकून म्हणाली, "नगं गं बाई, ती रोज येईल."

पण लुगडं काही थांबलं नाही. फक्त आता आई समोर बघताना दोन गोष्टी बघायची, डाळिंबी ठिपका आणि धूर. मावशीही तसंच करत असणार. त्या फजितीनंतर तिला धूर बघायची सवयच लागली होती.

मग माझं लग्न झालं आणि मी वेल्ह्याला गेले. त्याच सुमारास दुसरी मोठी लढाई लागली. लढाई कुठं लांब, पण आमच्याकडं ती आली ती रॉकेल आणि कापडाच्या रूपानं. कापड मिळेना. शिवऱ्याला हमरस्त्यावर पुण्याची मोटार थांबली की बायका उतारूंना आधी विचारायच्या, "धडुतं हाय का काई?" मोटारही बिचारी पेट्रोलअभावी कोळशावर चालायची. घाटात माणसं खाली उतरून ढकलत. माहेरी गेले की दिसे, आईचं लाल लुगडं विरलेलं, ठिगळांनी भरलेलं, तरी सकाळी धोंड्यावर. शेजारीण म्हणायची, "आक्का, माणसाला नेसाया न्हाई, आन् तुमी धोंड्याला नेसवताय." आई म्हणायची, "धोंडा नागवा दिसला तर पलीकडची पळत सुटंल. तिचं गुडघं गेल्यात."

गुडघे आईचेही गेले होते, आणि एका पौषात ती अंथरुणालाच खिळली. खोकला, ताप, अंगात काही राहिलं नाही. मी वेल्ह्याहून राजगडाच्या पायथ्याची वाट धरून आले आणि तिच्या उशाशी राहिले. लुगडं आता वहिनी घालायची, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवून. आई पडल्यापडल्या विचारायची, "हाय का तिकडं?" वहिनी सांगायची, "हाय, आत्याबाई." मग आई डोळे मिटायची.

एका दुपारी तिनं वहिनीला आणि मला जवळ बोलावलं. म्हणाली, "ऐका. माझं झाल्यावर पांढरं घालू नगा. लालच घाला. रोज घाला. धाकलीला चालवत न्हाई, नावंपत्तुर उतरवत न्हाई. कळलं तर ती जीव टाकत यील आन् वाटंत पडंल. तिला कळू देऊ नगा."

"आत्याबाई, असं नका बोलू," वहिनी म्हणाली.

"आन् तुझा तो पलंगपोस पेटीतच ठेव," आई म्हणाली आणि हसली. हसताना खोकला आला. ते तिचं शेवटचं हसणं.

दोन दिवसांनी पहाटे ती गेली. मला वाटलं होतं मी धीरानं घेईन. कसलं काय, मी लहान पोरासारखी रडले. पण आईचा शब्द होता. पाण्याच्या काठावर चिता रचली तर पलीकडून दिसेल, म्हणून दादानं तिला टेकाडामागच्या ओढ्याला नेलं. आणि वहिनीनं उजाडल्याबरोबर, नाक-डोळे पुसत, लाल लुगडं धोंड्यावर अंथरलं. तिनं ते किती जपून अंथरलं! चारी कोपऱ्यांवर रोजच्यासारखे चार दगड ठेवले. समोर डाळिंबी ठिपका दिसत होता. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत उभ्या राहिलो. जिवंत माणसाला फसवताना एवढं वाईट वाटत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लुगडं घेऊन खाली गेली आणि तशीच धावत वर आली. "वन्सं, पांढरं! तिकडं पांढरं घातलंय!"

मी धावत अंगणाच्या टोकाला गेले. मावशीच्या बांधावर, डाळिंबी लुगड्याच्या जागी, पांढरं धोतर पसरलेलं. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "एकीमागं एक निघाली. पोरींनो, जा. आमची भावकी एक, सुतक एक. तुमाला जायला अडचण न्हाई." दादाला घर सोडता येत नव्हतं. मी आणि वहिनी निघालो. थंडीचे दिवस, नाव चालू होती. पाणी अगदी शांत होतं. वहिनी पूर्ण वाट एकच बोलत होती, "बरं झालं, त्यांना कळलं न्हाई. दोघींना एकमेकींचं कळलं न्हाई." मीही मान डोलावत होते. आम्हाला तेवढाच आधार वाटत होता.

काठावरून मावशीच्या घराचा चढ चढलो. आम्ही दोघींनी रडायला सुरुवात केली, रीतीनं आणि मनापासूनही. अंगणात आलो आणि बघतो तर काय, ओसरीवर भिंतीला टेकून, गुडघ्यांवर जुनेर टाकून मावशी बसलेली! शेजारी जात्याचा तो वरचा दगड, त्याच्यावर तिनं हात ठेवलेला.

मी म्हटलं, "मावशी, तू? मग पांढरं कुणी घातलं?"

"म्या घातलं," मावशी म्हणाली. "बसा."

"पण कुणासाठी?"

"आक्कासाठी. तुमी तर घातलं न्हाई."

मावशीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळं आदल्या दिवशीच रडून झालं असावं, पापण्या सुजल्या होत्या. ती सावकाश बोलत होती. "आक्का आजारी पडली ते मला तवाच कळलं हुतं. आक्कानं कंदी दगूड ठिवून लुगडं घातलं न्हाई, तिचं एक टोक कायम उडत असायचं. आन् काल लाल हुतं, पर तुमच्या चुलीतनं धूर निघाला न्हाई. सकाळी न्हाई, दुपारी न्हाई, सांजंलाबी न्हाई. लुगडं खोटं बोलंल, चूल कशी बोलंल?"

वहिनीनं तोंडावर पदर धरला. "आत्याबाईंनी सांगितलं हुतं, तुमाला कळू देऊ नगा म्हणून. तुमी चालत याल म्हणून."

"ठावं हाय. तिनंच सांगितलं असंल. पोरं म्हणत हुती, आमी जाऊन येतो. म्या न्हाई म्हणलं. आक्काच्या घरचा कडू घास म्या द्यायचा. दुसऱ्या कुणी न्हाई. पर मला येववत न्हाई. मग काय करू? पांढरं घातलं. म्हणलं, म्या गेले असं समजून तरी पोरी येतील."

आतून सुनेनं परात आणली. पिठलं, भाकरी, बाजूला कांदा. मावशीनं परात आपल्यापुढं ओढून घेतली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. मला वाटलं, पहिला घास मला, मी लेक. पण मावशीनं हात वहिनीकडं केला.

"ये गं राजधानी," ती म्हणाली. "तू तवा खाल्लं न्हाईस. आता खा."

वहिनी पुढं सरकली आणि तिनं तोंड उघडलं. मग मावशीनं मला दिला आणि शेवटी स्वतः घेतला. पिठल्यात मीठ घालायचं राहून गेलं होतं. आम्ही तिघींनी ते तसंच सगळं संपवलं.